पोरगी नीटचा अभ्यास सोडून चित्रं रंगवत बसते : रावेरच्या एका वडिलांना उत्तर

भाऊ, नमस्कार. तुमचं पत्र दोनदा वाचलं. पोरगी बारावी सायन्सला, नीटचा क्लास लावलेला, आणि मागच्या हिवाळ्यात आजी गेली तेव्हापासून ती रात्री दोन-दोन वाजेपर्यंत आजीच्या आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) झोक्याची चित्रं काढत बसते, 200 कागद झाले आणि मोबाईलवर लावले तर जेमतेम 16-17 सेकंद भरले. "यात पोट भरेल का, की नुसता नाद आहे" असं तुम्ही विचारलंय.

नुसता नाद असता तर विसाव्या कागदाला सुटला असता. पडद्यावर सेकंदाला 24 फ्रेम, म्हणजे एकेक स्थिर चित्र, असतात, एक चित्र दोन फ्रेम धरलं तरी सेकंदाला 12 चित्रं लागतात, म्हणजे 200 कागदांचे तेवढेच सेकंद होणार, पोरीचं काही चुकलेलं नाही, हे कामच असं आहे. पण पाच मिनिटांची फिल्म करायची म्हणते ती या वर्षी नको, त्याला 3600 चित्रं लागतील. एक मिनिट पुरे. 720 पैकी 200 झालीत, राहिली 520, रोज आठ केली तर 65 दिवस. जागरण बंद, संध्याकाळचे दोन तास ठरवून द्या.

तुम्ही पाठवलेली क्लिप मी थांबवून थांबवून पाहिली. झोका या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच वेगात सरकतोय, त्यामुळे आजी झोक्यावर चिकटवल्यासारखी वाटते. खरा झोका टोकाला गेला की क्षणभर थबकतो, तिथे चित्रं अगदी जवळजवळ हवीत, आणि खाली मधोमध येताना तो सगळ्यात जोरात असतो, तिथे लांब लांब. हे आठवड्याभरात जमेल. पण लुगड्याचा पदर बघितला का तुम्ही? झोका परत फिरलाय आणि पदर अजून पुढेच चाललाय, मग मागून वळतो. हे तिला कुणी शिकवलेलं नाही ना? ही नजर आहे भाऊ, क्लास लावून येत नाही ती, म्हणून मी एवढं लिहितोय.

मेहनत वाचवायची तर निंब, अंगण, मागचं धाब्याचं घर एकदाच रंगवून खाली ठेवायचं आणि हलणारी आजी तेवढी पारदर्शक ओएचपी शीटवर काढायची, पण अ‍ॅक्रिलिकनं, पोस्टर कलर प्लास्टिकवर धरत नाही, पोपडे निघतात. मोबाईल स्टँडला घट्ट बांधा, कॅमेऱ्याचं एक्सपोजर (उजेडाचं सेटिंग) लॉक करा, खिडकीच्या उजेडात शूट नको, ढग आला की चित्र लुकलुकतं.

आता करिअरचं. अहमदाबादच्या एनआयडीत, म्हणजे राष्ट्रीय डिझाईन संस्थेत, अ‍ॅनिमेशन फिल्म डिझाईनचा चार वर्षांचा बीडेस (डिझाईनची पदवी) आहे, त्याला डॅट ही प्रवेश परीक्षा, दोन टप्प्यांत. आयआयटी बॉम्बेच्या बीडेससाठी यूसीड ही परीक्षा. दोन्हींना बारावीची कुठलीही शाखा चालते, फॉर्म दिवाळीच्या आगेमागे निघतात, वेबसाईटवर लक्ष ठेवा. महाराष्ट्रात बीएफए (ललित कलेची पदवी) करायचं तर राज्याच्या सीईटी सेलची एएसी सीईटी ही प्रवेश परीक्षा. नीट आणि हे दोन्ही एका वर्षात ओढलं तर दोन्ही अर्धवट राहतं, एक निवडू द्या. माझं मत विचाराल तर बोर्डाचा अभ्यास मन लावून करावा आणि डॅटला बसावं. बारावीनंतर लगेच लाखांची फी घेऊन नुसतं सॉफ्टवेअर शिकवणाऱ्या डिप्लोम्याला मात्र घाई करू नका, माझ्याकडे असा एक मुलगा आला होता, कर्ज काढून कोर्स केला आणि चालणारा माणूस काढता येत नव्हता.

पोटाचं खरं सांगतो, फक्त स्वतःच्या शॉर्ट फिल्मवर घर चालत नाही. चालतं ते बॅकग्राउंड पेंटिंग, स्टोरीबोर्ड, जाहिराती, मुलांच्या पुस्तकांची चित्रं यावर, आणि हे काम मुंबई-पुण्यात आहे, सुरुवातीची दोन-तीन वर्षं पगार कमीच असतो. अ‍ॅनिमेशन फिल्म करणाऱ्या गीतांजली राव यांनी मुंबईच्या जेजे कला महाविद्यालयातून अप्लाइड आर्ट केलं, अ‍ॅनिमेशन स्वतःच शिकल्या, हातानं रंगवलेली त्यांची 15 मिनिटांची 'प्रिंटेड रेनबो' 2006 साली फ्रान्सच्या कान चित्रपट महोत्सवातल्या क्रिटिक्स वीक विभागात गाजली, पूर्ण लांबीची फिल्म यायला त्यानंतर 2019 उजाडलं. एवढा धीर लागतो, तुम्हालाही लागेल.

सुट्टीत चाळीसगावला छायाचित्रकार केकी मूस यांचं कलादालन दाखवून आणा, टेबलावर छोटी दृश्यं मांडून काढलेले त्यांचे फोटो तिला खूप काही देतील.

ते 200 कागद रद्दीत देऊ नका, चुकलेलेसुद्धा. मागे नंबर आणि तारीख टाकून खोक्यात ठेवा, पोर्टफोलिओ (कामाचे नमुने) मागितला तर कच्चं कामही बघतात. आणि एक काम तुमचं. क्लिपमध्ये झोक्याचा दोर नुसती काळी रेघ आहे, कारण तिनं तो बघितलेलाच नाही. तुमच्या आईचा झोका मोटेच्या नाड्याचा होता की सुताच्या दोराचा, फळी होती की गोधडीची घडी, कुठल्या फांदीला बांधायचे, हे आता घरात फक्त तुम्हालाच माहीत असणार. आज संध्याकाळी तिच्याजवळ बसून सांगा.