नैसर्गिक वायूच्या भूशास्त्रातले इंग्रजी शब्द जर्मनमध्ये नेताना कुठे चूक होते?

सगळ्यात जास्त 'शेल'पाशी. शब्दकोश पटकन 'शीफर' देतो, पण शीफर म्हणजे मुख्यतः पाटीचा दगड किंवा शिस्ट, म्हणजे रूपांतरित खडक. वायू असतो तो शेल गाळाचा खडक. त्याला 'टोनश्टाइन' किंवा 'शीफरटोन' लिहा. गंमत अशी की 'शेल गॅस'ला मात्र जर्मन लोक 'शीफरगास'च म्हणतात. शास्त्राला सोडून आहे, पण रुळलंय. तिथे शहाणपणा करू नका.

'रिझर्व्हॉयर' (जिथे वायू साठतो ते) वाक्य बघून ठरवा. खडकाबद्दल असेल तर 'श्पायशरगेश्टाइन', अख्ख्या साठ्याबद्दल असेल तर 'लागरश्टेटं'. सोर्स रॉक, म्हणजे ज्या खडकात वायू तयार होतो तो, 'मुटरगेश्टाइन', शब्दशः आईखडक! कॅप रॉक, म्हणजे वायूला वरून अडवणारा खडक, 'डेकगेश्टाइन'.

काही शब्दांचं भाषांतरच करायचं नसतं. 'रोटलीगेंड' आणि 'त्सेखश्टाइन' ही खडकांच्या थरांची नावं. हे मुळात जर्मन खाणकामगारांचेच शब्द, इंग्रजीने ते उसने घेतले. नेदरलँड्समधलं 1959 साली सापडलेलं ग्रोनिंगेनचं वायूक्षेत्र याच जोडीचं: खाली रोटलीगेंडचा वालुकाश्म, वर त्सेखश्टाइनच्या मिठाचं झाकण.

आणि आकडे! इंग्रजी बिलियन (एक अब्ज) म्हणजे जर्मन 'मिलियार्डं', इंग्रजी ट्रिलियन (एक हजार अब्ज) म्हणजे जर्मन 'बिलियोन'. एक ट्रिलियन घनफूट वायू म्हणजे सुमारे 28.3 मिलियार्डन घनमीटर, आणि तोही जर्मनमध्ये 28,3 असा स्वल्पविराम देऊन लिहायचा. शब्द चुकला तर वाचणारा भूशास्त्रज्ञ सांभाळून घेईल. इथे चुकलात तर साठा थेट निदान हजारपट होतो.