गाडी सात वेळा वर्कशॉपला जाऊन आली, दोष तसाच. आता कंपनीकडे तक्रार कशी करावी?

१४ महिन्यांत सात फेऱ्या, ट्रॅफिकमध्ये पहिल्या-दुसऱ्या गिअरला झटका, मधूनच पेटणारा गिअरबॉक्सचा दिवा, आणि दर वेळी ‘हे या मॉडेलचं कॅरॅक्टरिस्टिकच आहे’ हे ठरलेलं उत्तर. कंपनीला गाठायचं कसं आणि गाडी बदलून मिळेल का, असे तुमचे दोन प्रश्न आहेत. दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण पहिल्याची आखणी त्यावरच ठरते.

बदलून मिळणं अवघड आहे. अमेरिकेत राज्याराज्यांचे ‘लेमन लॉ’ आहेत. ठरावीक वेळा दुरुस्ती फसली किंवा गाडी ठरावीक दिवस वर्कशॉपमध्ये पडून राहिली की कंपनीला ती परत घ्यावी किंवा बदलून द्यावी लागते. आपल्याकडे असा आकडा कुठल्याच कायद्यात नाही. मारुती उद्योग विरुद्ध सुशील कुमार गबगोत्रा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ सालीच सांगितलं की वॉरंटीच्या अटीत सदोष भाग बदलून देण्याचं वचन असेल, तर त्यावरून आख्खी गाडी मागता येत नाही. पूर्ण गाडी किंवा पैसे परत मिळालेली प्रकरणं आहेत, पण त्यांत उत्पादनातलाच दोष आहे आणि दुरुस्तीने तो जात नाही, हे ग्राहकाने कागदावर सिद्ध केलेलं असतं. कंपनीला लिहिलेलं पत्र कितीही कडक असलं तरी पुरावा म्हणून त्याचा उपयोग थोडाच. खरा पुरावा सर्व्हिस काउंटरवर तयार होतो, म्हणजे जॉब कार्डवर (गाडी आत घेताना तक्रार लिहितात तो कागद). आणि तिथेच बहुतेक लोक हरतात.

सर्व्हिस ॲडव्हायझर तुमचं सगळं ऐकून घेतो, मान डोलावतो आणि लिहितो: ‘जनरल चेक-अप, गिअर नॉइज’. गाडी परत देताना शेरा पडतो: ‘टेस्ट ड्राइव्ह घेतली, ओके’. असे सात कागद ग्राहक आयोगापुढे ठेवलेत तर कंपनीचा वकील म्हणणार की सातही वेळा गाडी नीट होती, ग्राहकच शंकेखोर आहे. म्हणून सही करण्याआधी तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या, अशी:

‘एसी चालू, २०–२५ मिनिटं गर्दीत चालवल्यावर, ताशी १० ते १५ किमी वेगात पहिल्यातून दुसऱ्या गिअरला जाताना जोराचा धक्का. गिअरबॉक्सचा दिवा दोनदा लागला. हीच तक्रार याआधी सात वेळा नोंदवली आहे.’

शेवटचं वाक्य सगळ्यांत महत्त्वाचं. त्यासोबत आधीच्या जॉब कार्डांचे नंबरही टाका. ‘सिस्टीममध्ये एवढं बसत नाही’ असं उत्तर मिळेलच, तेव्हा छापील प्रतीवर पेनाने लिहा आणि खाली शिक्का घ्या. गाडी ताब्यात घेताना दोष तसाच असेल तर समाधानाच्या रकान्यात नुसती सही करू नका, ‘दोष कायम, गाडी नाइलाजाने नेत आहे’ असं लिहून सही करा. नंतर फीडबॅकचा फोन येतो आणि ॲडव्हायझर काकुळतीला येऊन ‘साहेब, दहापैकी दहा द्या, पगार कापतात’ म्हणतो. त्याची दया येते हे खरं, पण तुम्ही दिलेले दहा गुण पुढे तुमच्याच विरुद्ध वाचून दाखवले जातील.

वॉरंटीतल्या कामाचं बिल शून्य रुपयांचं असतं, म्हणून पुष्कळदा ते देतच नाहीत. मागून घ्या. कोणता भाग बदलला, त्याचा पार्ट नंबर काय, नुसतंच सॉफ्टवेअर अपडेट केलं का, हे त्यावर असायला हवं. गाडी आत गेल्याची आणि बाहेर आल्याची तारीख व किलोमीटर यांचा एक तक्ता वहीत ठेवा. ‘१४ महिन्यांत इतके दिवस गाडी वर्कशॉपमध्ये’ हा आकडा कुठल्याही विशेषणापेक्षा जड पडतो.

आता दोषाबद्दल. तुमच्या वर्णनावरून गाडी ड्युअल क्लचची, म्हणजे दोन क्लच आळीपाळीने वापरून आपोआप गिअर बदलणारी वाटते. यातले कोरडे (तेलात न बुडालेले) क्लच असलेले गिअरबॉक्स गर्दीत तापतात, कारण गाडी सरपटत पुढे जाते तेव्हा क्लच अर्धवट घासत राहतो. तापमान वाढलं की गिअरबॉक्सचा कंट्रोलर (त्याला चालवणारा छोटा संगणक) इशारा देतो आणि झटके वाढतात. वर्कशॉपचा क्रम ठरलेला असतो: आधी सॉफ्टवेअर अपडेट, मग क्लचचं रीलर्न (क्लच कुठे पकडतो ते कंट्रोलरला नव्याने शिकवणं), मग क्लच पॅक, मग ॲक्चुएटर (क्लच हलवणारा भाग) किंवा कंट्रोलर, आणि अगदी शेवटी अख्खी असेंब्ली. प्रत्येक फेरीत तुम्ही कोणत्या पायरीवर होतात हे जॉब कार्डांवरून दिसलं पाहिजे. सातही वेळा फक्त रीलर्न झालं असेल तर ते डीलरच्या सेवेतलं अपयश. क्लच आणि कंट्रोलर दोन्ही बदलूनही झटका राहिला असेल तर उत्पादनातल्या दोषाचा मुद्दा उभा राहतो.

दिवा लागला की गाडी बंद करण्याआधी मीटरचा व्हिडिओ घ्या. वेग, किलोमीटर, दिवा आणि जमल्यास झटक्याचा आवाज त्यात यावा. मूळ फाइल त्याच फोनमध्ये राहू द्या. व्हॉट्सॲपवरून फिरलेला व्हिडिओ दाबला जातो आणि त्यातली तारीख-वेळेची माहिती निघून जाते. पुढे तो पुरावा म्हणून दिलात तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं (डिजिटल पुराव्यासाठीचं) प्रमाणपत्र सोबत जोडावं. बॅटरीची वायर काढून ‘रीसेट’ करून बघू नका, काही गाड्यांत साठलेले दोषाचे कोड त्याने पुसले जातात. बाजारातला स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर मुख्यतः इंजिनाचेच कोड वाचतो. त्यावर पी-०७०० दिसला तर अर्थ इतकाच, की गिअरबॉक्सच्या कंट्रोलरने स्वतःकडे काहीतरी दोष नोंदवला आहे. नेमका कोणता, ते कंपनीच्याच मशीनवर दिसतं. म्हणून वर्कशॉपला लेखी मागणी करा: कोड पुसण्याआधी त्याची आणि त्या क्षणाच्या नोंदींची प्रिंट द्या.

‘सगळ्या गाड्या अशाच चालतात’ याला एकच उत्तर आहे. शोरूममधली त्याच मॉडेलची टेस्ट ड्राइव्हची गाडी मागा, त्याच रस्त्यावर, त्याच वेळी, एसी लावून. दोन्हींचे व्हिडिओ घ्या. नकार दिला तर नकारही ईमेलवर नोंदवा.

यानंतर कंपनी. आधी कस्टमर केअरला ईमेल करून तक्रार क्रमांक मिळवा, मग कंपनीच्या एरिया सर्व्हिस मॅनेजरसोबत संयुक्त टेस्ट ड्राइव्ह मागा. पंधरा दिवसांत हालचाल नसेल तर कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयाला आणि डीलरला एकाच मजकुराचं पत्र, स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह. दीड पान पुरे: चासिस नंबर, खरेदीची तारीख, फेऱ्यांचा तक्ता, दोषाचं एका परिच्छेदात वर्णन, मागणी आणि मुदत. मागणी चढत्या क्रमाने लिहा: गिअरबॉक्स असेंब्ली बदलून त्यावर स्वतंत्र लेखी वॉरंटी, ते जमत नसेल तर गाडी परत घेऊन रक्कम परत. स्वतंत्र वॉरंटीचं लिहायला विसरू नका, कारण वॉरंटीत बदललेल्या भागाची वॉरंटी सहसा मूळ गाडीच्या वॉरंटीबरोबरच संपते. ‘मोजमाप मर्यादेत आहे’ असं उत्तर आलं तर उलट विचारा: कोणतं मोजमाप, मर्यादा किती, माझ्या गाडीचं किती आलं? संतापाची वाक्यं, वृत्तपत्रात देण्याची धमकी, गाडीला गाढवं जुंपून शोरूमवर मिरवणूक, यांतलं काही पत्रात नको. मिरवणुकीने फोटो छापून येतो, गिअरबॉक्स बदलत नाही.

कंपनी कशावर बोट ठेवेल ते आधी तपासून घ्या. चुकलेली सर्व्हिस, बाहेरून बसवलेला सीएनजी किट, वायरिंग कापून लावलेले दिवे किंवा म्युझिक सिस्टीम. क्लच प्लेट आणि ब्रेक पॅड झिजणाऱ्या भागांत धरतात, त्यामुळे नुसतं ‘क्लच खराब’ लिहिलंत तर तक्रार तिथेच संपेल. अकाली झीज कशामुळे, हा प्रश्न लावून धरायचा.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार फुकट नोंदवता येते. तिला आदेश देण्याचा अधिकार नाही, पण तक्रार कंपनीच्या ठरलेल्या अधिकाऱ्याकडे जाते आणि तिथून पुष्कळदा पहिलं सरळ उत्तर येतं. त्याने नाही झालं तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. गाडीसाठी मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगातच जायचं. शुल्क ५ लाखांपर्यंत काही नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४००, ५० लाखांपर्यंत १०००. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीच्या गावी जावं लागत नाही. वकील सक्तीचा नाही. अर्ज ई-जागृती पोर्टलवरून भरता येतो. मुदत दोन वर्षं, आणि पत्रव्यवहार चालू आहे म्हणून ती थांबत नाही. तुमचे १४ महिने झालेत, तेव्हा पहिल्या जॉब कार्डाची तारीख डोळ्यापुढे ठेवा.

प्रतिवादी म्हणून कंपनी आणि डीलर दोघांनाही करा, पण दोघांचे दोष वेगवेगळे मांडा. गोव्यातल्या अँटोनियो पाउलो वाझ प्रकरणात डीलरने जुन्या वर्षाची गाडी नवी म्हणून विकली होती. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला त्यातून मोकळं केलं, कारण तिला ते माहीत होतं असा पुरावा नव्हता आणि दोघांचा व्यवहार स्वतंत्र होता. दुरुस्ती फसली हे डीलरवर, भाग मुळातच सदोष हे कंपनीवर, अशी विभागणी तक्रारीतच हवी. गाडी तुमच्या स्वतःच्या कंपनीच्या नावावर घेतलेली असेल तर ‘व्यावसायिक वापर’ हा आक्षेप येतो. संचालकाच्या वापरासाठी घेतलेली गाडी त्यात मोडत नाही, असा निकाल २०२४ मध्ये झाला आहे.

तज्ज्ञाचा अहवाल हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. त्याच ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३८ खाली आयोग योग्य प्रयोगशाळेकडे तपासणी पाठवू शकतो, तसा अर्ज पहिल्याच तारखेला करा. खर्च तुम्हाला भरावा लागतो. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या ऑटोमोबाइल किंवा मेकॅनिकल विभागाच्या प्राध्यापकाचं नाव सुचवता येतं. रस्त्याकडेच्या मेकॅनिकचं सही केलेलं पत्र जवळजवळ निरुपयोगी, भले त्याचं निदान अचूक असो. कायद्यात निकालाची मुदत तपासणीविना तीन महिने, तपासणीसह पाच. प्रत्यक्षात त्याहून बराच जास्त वेळ धरून चला, आणि तोवर कर्जाचे हप्ते थांबवू नका. बँकेचा आणि या भांडणाचा संबंध नाही, तुमचा सिबिल स्कोअर मात्र पडेल.

मधल्या काळात कंपनी बहुधा तडजोड पुढे करेल: दोन वर्षांची वाढीव वॉरंटी, काही मोफत सर्व्हिस. वाईट नाही, पण ‘या गाडीबद्दल यापुढे कोणतीही तक्रार करणार नाही’ अशी ओळ कागदात असते. ती ‘आज नोंदवलेल्या तक्रारीपुरतं’ अशी बदलून घ्या, आणि वाढीव वॉरंटीत गिअरबॉक्सचा कंट्रोलर व क्लच पॅक ही नावं लिहून आल्याशिवाय सही करू नका.