चिमटे त्याच्या हातात द्या

प्रिय ताई,
माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. नणंदेची मुलगी त्याच्याच वयाची, दर रविवारी येते. हा तिला एकाही खेळण्याला हात लावू देत नाही. परवा तर ढकललंच. 'सॉरी म्हण' म्हटलं तर तोंड फिरवून उभा! ती बिचारी गुणी, मागितलं की देऊन टाकते. महिनाभर मी फ्रिजवर तक्ता लावलाय : खेळणं दिलं की एक चांदणी, दहा चांदण्या झाल्या की नवी गाडी. आता तो आधीच विचारतो, 'किती चांदण्या देणार?' एरवी घरात गोड आहे. फक्त मी कपडे वाळत घालायला लागले की मध्ये मध्ये करतो, म्हणून तेवढा वेळ टीव्ही लावून देते. हा पुढे स्वार्थी निघेल का?
– काळजीत पडलेली आई

काळजीत पडलेल्या आईला,

टीव्ही बंद करा.

खेळणी, सॉरी, चांदण्या यांवर तुम्ही सगळं पत्र खर्च केलंत आणि वाळत घालायच्या कपड्यांचा विषय एका ओळीत उरकलात. खरी बातमी त्या ओळीत आहे. 'मध्ये मध्ये करतो' म्हणजे काय करत असेल? बादलीत हात घालत असेल, ओला मोजा ओढत असेल, चिमट्यांचा डबा पालथा करत असेल. अहो, त्या वयाची मदत अशीच दिसते! आणि तुम्ही ती रोज ठरलेल्या वेळी रिमोटने बंद करताय.

योगायोग बघा. मुलांच्या मदतीवरचा एक गाजलेला प्रयोग कपड्यांच्या चिमट्याचाच आहे. 2006 साली फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो या संशोधकांनी दीड वर्षाच्या 24 मुलांसमोर साध्या अडचणी उभ्या केल्या. त्यातली एक अशी : टॉवेल वाळत घालणाऱ्या माणसाच्या हातून चिमटा पडतो, तो हात लांबवतो, पण पोचत नाही. 'दे' म्हणायचं नाही, शाबासकी नाही, बक्षीस नाही. वेगवेगळ्या अडचणी मिळून 24 पैकी 22 मुलांनी निदान एकदा तरी मदत केली, आणि बहुतेक वेळा पहिल्या दहा सेकंदांतच. चिमटा मुद्दाम फेकला तर मात्र मुलं सहसा आणून देत नव्हती. म्हणजे वस्तू उचलायची हौस एवढंच नव्हे, समोरच्याचं काय अडलंय ते त्यांना कळत होतं. दीड वर्षाच्या पोरांना! तुमचा साडेतीनचा आहे.

त्याआधी, 1982 मध्ये, हॅरिएट राइनगोल्ड यांनी घरासारख्या मांडलेल्या खोलीत आईवडिलांना कामं करायला लावली. आवराआवर, झाडणं, घड्या घालणं. दोन वर्षांची मुलं आपणहून कामात शिरली. गंमत म्हणजे काही पालकांनी सांगितलं की घरी ते मूल झोपलं की कामं उरकतात, कारण त्यांना ही मदत लुडबुड वाटते. तुम्ही एकट्या नाही, पण म्हणून तुमचं बरोबर ठरत नाही.

आता तो तक्ता. 'किती चांदण्या?' हा प्रश्न मुलाने घरी आणलेला नाही, तुम्ही शिकवलाय. वार्नेकेन-टोमासेलो यांनीच 2008 मध्ये वीस महिन्यांच्या मुलांवर पाहिलं : ज्यांना मदतीबद्दल वस्तू मिळाली, त्यांनी नंतर कमी मदत केली. नुसतं तोंडी कौतुक झालेल्यांचं किंवा काहीच न मिळालेल्यांचं तसं झालं नाही. तेव्हा तक्ता काढा, पण लबाडी करू नका. जमलेल्या चांदण्यांचा हिशेब आधी चुकता करा, गाडी कबूल केलीय तर द्या, मग काढा. काही दिवस तो विचारत राहील, 'मला काय मिळेल?' सांगायचं, 'काही नाही. टॉवेल लवकर वाळतील.'

भाचीचं कौतुकही जरा आवरतं घ्या. मागितलं की देऊन टाकणारं मूल उदारच असतं असं नाही, कधी कधी त्याला 'नको' म्हणता येत नसतं. आणि आपलं खेळणं देणं ही या सगळ्यातली सर्वांत अवघड गोष्ट आहे. पडलेली वस्तू उचलून देणं सोपं, रडणाऱ्याला काय हवंय ते ओळखणं त्याहून कठीण, आपल्याला हवी असलेली वस्तू सोडणं सर्वांत कठीण. तीन वर्षांच्या मुलांना 'निम्मं निम्मं करावं' हे सांगता येतं, पण हातून तसं घडायला साधारण सात-आठ वर्षं उजाडतात. तुम्ही शेवटच्या पायरीची परीक्षा घेताय, आणि पहिल्या पायरीवर टीव्ही ठेवलाय.

उद्यापासून असं करा. चिमट्यांचा डबा जमिनीवर, त्याच्या हाताशी ठेवा. त्याने एकेक चिमटा द्यायचा, लावायचा तुम्ही, कारण घट्ट स्प्रिंगमध्ये बोट सापडलं तर उद्या तो फिरकणार नाही. मोजे आणि रुमाल मात्र त्याचे. खुर्चीच्या पाठीवर घालू दे. चुरगळलेले घालेल. घालू दे. त्याच्यासमोर ते पुन्हा सरळ करायचे नाहीत! सगळं बिघडतं ते इथेच : मुलाला दिसतं की आपलं काम मोजलं गेलं नाही. पाच मिनिटांनी तो उठून गेला तर जाऊ द्या, हाक मारू नका. 'मदत करशील का?' असंही विचारू नका, त्याला 'नाही' हे उत्तर तयारच असतं. आणि टाळ्या नकोत, बाबांना फोन नको. 'सगळे मोजे झाले' एवढं पुरे.

रविवारचं थोडक्यात. भाची यायच्या आधी त्याला विचारून दोन खेळणी कपाटात बंद करा. कुठली, ते तो ठरवेल. बाकीची दोघांची. ढकलाढकली झालीच तर 'सॉरी'ची वसुली सोडा. त्याला तिच्याजवळ न्या, काय झालं ते दाखवा : 'तिचा मनोरा पडला, ती रडतेय. आता काय करूया?' आणि थांबा. ठोकळे गोळा करायला तो बसला तर तीच माफी समजा.

त्यानंतरही खेळणं हातातून सुटणार नाही, बरेच रविवार. त्यावर नजर ठेवून बसू नका. तुमची नजर चिमट्यांवर हवी : एखादा हातून खाली पडला तर वाकू नका, 'अरे, पडला' म्हणा आणि मनात दहा मोजा.