सरासरी काढू नकोस

फजी लॉजिकवर काम सुरू करतोयस, छान. पण लगेच सॉफ्टवेअर उघडून बसू नकोस. आधी काळाघोडा पुलावर जाऊन ये. तिथे विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी 26 फूट. म्हणजे 25.9 ला बडोदं निर्धास्त आणि 26 ला एकदम धोक्यात? फजी संचांची कल्पना मांडणाऱ्या लोत्फी झादेह यांनी 1965 मध्ये नेमकी हीच रेघ पुसली. शब्द किती लागू पडतो ते 0 ते 1 मध्ये मोजायचं: 24 फुटांना 'धोका' समज 0.6, 25 ला 0.8. ही संभाव्यता नव्हे हं. पाणी किती फूट ते ठाऊकच आहे, प्रश्न 'धोका' हा शब्द त्याला कितपत लागू पडतो एवढाच. नवी मुलं इथेच घसरतात.

खरी गंमत पुढे आहे. काकांचा फोन येतो, "गल्लीत पाणी शिरलं." शेजारच्या मावशी म्हणतात, "छे, ठणठणीत कोरडं आहे." मी सुरुवातीला अशा वेळी सरासरी काढून 0.5 लिहायचो. सहा महिने त्यात गेले. कारण कुणाचाच फोन आला नाही तरी मी 0.5च लिहीत होतो! भांडण आणि अज्ञान, दोन्ही एकाच आकड्यात कोंबलेलं.

'पाणी शिरलं' याच्या बाजूने किती पुरावा, विरुद्ध किती, असे दोन आकडे वेगळे ठेव. (0.9, 0.8) म्हणजे विसंगती, (0, 0) म्हणजे माहितीच नाही. बेलनॅप यांचं 1977 चं चार मूल्यांचं तर्कशास्त्र (खरं, खोटं, दोन्ही, एकही नाही) हाताने सोडवून बघ. अतानासोव्ह यांच्या फजी संचांतही असेच बाजूचा आणि विरुद्धचा असे दोन आकडे असतात, पण त्यांची बेरीज 1 च्या वर जात नाही, त्यामुळे (0.9, 0.8) तिथे बसतच नाही.

वीस नोंदी वहीत करून ये दांडिया बाजारात, चहा घेत तपासू.