एकाच संशोधकाचा एच-इंडेक्स गूगल स्कॉलरवर ३१ आणि स्कोपसवर १९ कसा? वेगळ्या विषयातल्या संशोधकाशी तुलना कशी करायची?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: पीएचडीसाठी दोन गाइड डोळ्यांसमोर आहेत. पहिल्यांचं काम मटेरिअल सायन्स, मशिन लर्निंग आणि थोडं गणित असं विखुरलेलं, एच-इंडेक्स स्कॉलरवर ३१, स्कोपसवर १९. दुसऱ्या बाई निव्वळ गणितातल्या, त्यांचा ९. खरा आकडा कोणता आणि भारी कोण? (एच-इंडेक्स ५ म्हणजे प्रत्येकी निदान ५ सायटेशन, म्हणजे इतर पेपरांत आलेले उल्लेख, मिळालेले ५ पेपर.)

३१ आणि १९ दोन्ही खरे असू शकतात, कारण स्कॉलर आणि स्कोपस या दोन डेटाबेसांनी वेगवेगळा माल मोजलाय. स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट (जर्नलात छापण्याआधी नेटवर टाकलेले पेपर), अहवाल, एखाद्या विद्यापीठाच्या सर्व्हरवर पडलेली पीडीएफ अशा सगळ्यांतली सायटेशन धरतं. स्कोपस आणि त्याच्यासारखाच वेब ऑफ सायन्स हा डेटाबेस निवडक जर्नल, कॉन्फरन्स आणि पुस्तकं एवढ्यावरच थांबतात. वेब ऑफ सायन्सचा आकडा कोणी सांगितला तर तो 'कोअर कलेक्शन'चा की 'ऑल डेटाबेसेस'चा हेही विचारा, दुसरा मोठा येतो. एकाचा स्कॉलरचा आणि दुसऱ्याचा स्कोपसचा आकडा शेजारी ठेवणं मात्र साफ चूक.

एच-इंडेक्स एकदा हाताने काढून पाहा, म्हणजे त्याचा स्वभाव कळेल. पेपर सायटेशनच्या उतरत्या क्रमाने लावा: ४८, ३३, १२, ९, ६, ५, ५, १. पाचव्या पेपरला ६ आहेत, म्हणजे पाचाला पुरतात. सहाव्याला ५ च, तिथे गाडी अडली. एच = ५. आता ४८ च्या जागी ४,८०० टाका, उत्तर तरीही ५. शिवाय आठ पेपरवाल्याचा एच आठाच्या वर जाऊच शकत नाही. रशियन गणितज्ञ ग्रिगोरी पेरेलमन यांनी प्वांकारेचं अनुमान हा गणितातला जुना प्रश्न सोडवला तो २००२-०३ मध्ये आर्काइव्ह (arXiv) या प्रीप्रिंटच्या साइटवर टाकलेल्या तीन प्रीप्रिंटमध्ये, तीही त्यांनी जर्नलला दिलीच नाहीत. त्या कामाचा एच फार तर ३.

विषयाविषयांतला फरक किरकोळ नाही. भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी २००५ मध्ये एच-इंडेक्स मांडला, त्याच पेपरात भौतिकशास्त्राच्या यादीत सर्वांत वर एडवर्ड विटन होते, ११०. जीवशास्त्राच्या यादीत सॉलोमन स्नायडर, १९१. म्हणून स्नायडर विटनच्या पावणेदोनपट मोठे ठरत नाहीत. बायोमेडिकल पेपराच्या शेवटी संदर्भांची लांबलचक यादी असते, पेपर भराभर निघतात आणि एकेकावर आठ-दहा नावं असतात. गणितात संदर्भ थोडे, लेखक एक-दोन, आणि एखाद्या प्रमेयाचा उपयोग लोक दहा वर्षांनीही करू लागतात.

नावांच्या क्रमाचंही तसंच. बायोमेडिकलमध्ये पहिलं नाव प्रत्यक्ष काम करणाऱ्याचं आणि शेवटचं बहुधा प्रयोगशाळेच्या प्रमुखाचं. गणितात सरळ आडनावांची अकारविल्हे, तिथे 'पहिला लेखक' शोधण्यात अर्थ नाही. कण-भौतिकीत तर मोजणीच कोसळते: हिग्ज कणाच्या वस्तुमानावरच्या ॲटलस आणि सीएमएस या दोन प्रयोगांच्या २०१५ च्या एकत्रित पेपरावर ५,१५४ लेखक आहेत, आणि त्या पेपराचं प्रत्येक सायटेशन प्रत्येकाच्या खात्यात अख्खं जमा होतं.

आता तुमच्या पहिल्या गाइडकडे. मी असं करेन. आधी ऑर्किड (ORCID) आयडी, म्हणजे संशोधकाचा सोळा अंकी ओळख-क्रमांक, मिळतो का ते बघायचं आणि त्यावरची यादी बाकी प्रोफाइलशी ताडायची. स्कॉलरवर नामसाधर्म्यामुळे भलत्याच माणसाचे पेपर आपोआप घुसतात, आणि मालकाने लक्ष दिलं नाही तर वर्षानुवर्षं तसेच राहतात. मटेरिअल सायन्सवाल्याच्या यादीत मध्येच दंतवैद्यकाचा पेपर दिसला की समजावं. सायटेशनच्या आकड्याशेजारी तारांकन (*) असेल तर तिथे दोन नोंदी एकत्र केल्या आहेत, त्यावर क्लिक करून आत काय जोडलंय ते पाहा. स्कोपसमध्ये उलटा घोळ: एकाच माणसाचे दोन-तीन लेखक-आयडी पडतात आणि आकडा तुटतो. ३१ आणि १९ मधलं अंतर कधीकधी निम्मं इथेच मिटतं. स्कोपसचं लेखक-प्रोफाइल वर्गणीशिवायही दिसतं. ओपनॲलेक्स हा असाच खुला डेटाबेस फुकट पाहता येतो.

मग यादी स्प्रेडशीटमध्ये उतरवा. 'पब्लिश ऑर पेरिश' हे मोफत सॉफ्टवेअर स्कॉलरवरून ती सीएसव्हीत काढून देतं. रकाने एवढे पुरेत: वर्ष, विषय, प्रकार, एकूण लेखक, यांचं नाव कितवं, सायटेशन. विषय आणि प्रकार हातानेच भरावे लागतील, त्याला इलाज नाही. एकदा विषयवार फिल्टर लावला की चित्र पालटतं. तीन विषयांत मिळून ३१ असलेल्या माणसाच्या ३१ पैकी बहुतेक पेपर एकाच विषयातले निघू शकतात, बाकी दोन पाहुण्यासारखे. प्रकारात 'रिव्ह्यू' वेगळे काढा. एक गाजलेला आढावा-लेख मूळ संशोधनाच्या दहा पेपरांपेक्षा जास्त सायटेशन ओढतो. मशिन लर्निंगमध्ये कॉन्फरन्सचा पेपर जर्नलच्या तोडीचा असतो, तो दुय्यम समजू नका. प्रत्येक विषयाचे स्वतःचे डेटाबेसही असतात: मशिन लर्निंगसाठी डीबीएलपी बघा, गणितासाठी झेडबीमॅथ, कण-भौतिकीसाठी इन्स्पायर.

विषयांच्या पलीकडे तुलना करायचीच असेल तर स्कोपसचा एफडब्ल्यूसीआय (फील्ड-वेटेड सायटेशन इम्पॅक्ट) घ्या. त्यात पेपराची सायटेशन त्याच विषयातल्या, त्याच वर्षीच्या, त्याच प्रकारच्या पेपरांच्या सरासरीने भागतात. १ म्हणजे जगाची सरासरी. पण ही सरासरी फसवी. पाच पेपरांचे आकडे ०.४, ०.६, ०.५, ०.७ आणि १२.८ असतील तर सरासरी ३ येते, म्हणजे जगाच्या तिप्पट, आणि प्रत्यक्षात पाचातले चार पेपर सरासरीच्याही खाली! म्हणून मी मध्यांक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, बघतो, इथे तो ०.६. किंवा विषयातल्या वरच्या १० टक्क्यांत किती पेपर आहेत ते. गणितात आणखी एक अडचण: सरासरीच दोन-तीन सायटेशनची असेल तर एखादं सायटेशन वाढलं की गुणोत्तर टुणकन उडी मारतं. मोजके पेपर असलेल्या व्यक्तीसाठी हा आकडा वापरूच नये.

सेल्फ-सायटेशन, म्हणजे स्वतःच्याच पेपरांनी दिलेली सायटेशन, वगळायची सोय स्कोपसमध्ये आहे. थोडी असणं स्वाभाविक, जो तो आपल्याच कामावर पुढचं रचतो. वगळल्यावर एच निम्म्यावर आला तर मात्र भुवया उंचावायला हरकत नाही. आणि हे आकडे किती सहज फुगतात ते फ्रेंच संशोधक सिरिल लाबे यांनी २०१० मध्ये दाखवलंय: 'आइक अँटकेअर' नावाच्या अस्तित्वातच नसलेल्या संशोधकाचे यंत्राने लिहिलेले निरर्थक पेपर नेटवर टाकून त्यांनी स्कॉलरमध्ये त्याचा एच ९४ पर्यंत नेला.

गाइड निवडताना ३१ की ९ हे मी बाजूला ठेवेन. गेल्या पाच वर्षांचे पेपर उघडा. पहिल्यांच्या बाबतीत बघा की ज्या विषयात तुम्हाला काम करायचंय त्यात ते अजून लिहितात का, आणि पहिलं नाव विद्यार्थ्यांचं असतं का. बाईंच्या बाबतीत नावांचा क्रम सोडून द्या, त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांची नावं झेडबीमॅथवर टाका आणि पीएचडीनंतर त्यांनी स्वतंत्रपणे काय छापलंय ते पाहा. संध्याकाळभराचं काम आहे.