शांत माणूस इतका चिडखोर कसा झाला?

प्रश्न : डॉक्टर, माझे यजमान ७३ वर्षांचे आहेत. खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीतून निवृत्त झाले. आयुष्यभर शांत माणूस, घरात आवाज चढायचा तो माझाच. तीन वर्षांपूर्वी तळजाईवर रोज सोबत फिरायला येणारे त्यांचे मित्र गेले. तेव्हापासून यांनी टेकडी सोडली, जेवण कमी झालं, कुणाकडे जाणं-येणं नाही. दिवाळीपासून मात्र संताप सुरू झालाय. पेन्शनचं पासबुक कामवाल्या मावशींनी चोरलं म्हणून त्यांच्या अंगावर धावून गेले. पासबुक निघालं गादीखाली. परवा जेवायला हाक मारली तर हातातला रिमोट माझ्या अंगावर फेकला. हिशेबाची वही ते लग्नापासून रोज लिहितात, आता त्यात दुधाचे पैसे दोन-दोनदा मांडलेले दिसतात. ऐकू कमी येतं, पण मशीन लावत नाहीत. बाणेरला राहणारा मुलगा म्हणतो, बाबा हट्टी झालेत, बाकी काही नाही. हे नैराश्य आहे की विसरण्याचा आजार? की माझ्याच बोलण्यानं असं झालं?
– एक वाचक, सहकारनगर

उत्तर : ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. बायकोच्या बोलण्यानं कुणाला स्मृतिभ्रंश होत नाही. ते मनातून काढून टाका.

मुलाला सांगा, जन्मभर हट्टी असलेला माणूस म्हातारपणी हट्टी राहिला तर तो स्वभाव. जन्मभर शांत असलेला माणूस सत्तरीनंतर हात उगारू लागला तर त्याची तपासणी करायची असते. तुमच्या पत्रात मला रिमोटइतकीच ती वही महत्त्वाची वाटली. ओपीडीत येताना गेल्या चार-पाच वर्षांच्या वह्या घेऊन या. बेरीज कधी चुकायला लागली, अक्षर कधी बिघडलं, एकच नोंद दोनदा कधीपासून आली, हे त्यात तारखेनिशी असेल. घरच्यांच्या आठवणीतून इतकं नेमकं कळत नाही.

नैराश्य आणि स्मृतिभ्रंश यांचा संबंध आहे, पण तो सरळ नाही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाच्या २०२४च्या अहवालात स्मृतिभ्रंशाचे १४ टाळता किंवा कमी करता येण्याजोगे धोके सांगितले आहेत. त्यांत नैराश्य आहे, एकटेपणा आहे आणि कमी ऐकू येणंही आहे. पण उतारवयात पहिल्यांदाच आलेली उदासी ही कधी कधी मेंदूत सुरू झालेल्या आजाराचीच पहिली खूण असते. आणि कधी नुसतं नैराश्यच इतकं खोल असतं की माणूस विसरभोळा दिसतो. त्यावर उपचार झाले की स्मरणशक्ती पुष्कळ सुधारते. पुरुषांचं नैराश्य रडण्यातून कमी आणि चिडण्यातून जास्त दिसतं, म्हणून घरात ते ओळखूही येत नाही. यजमानांच्या बाबतीत यातलं काय आहे, हे पत्रावरून ठरवणं अन्यायाचं होईल. दोन्ही एकत्र असण्याचीही शक्यता आहे.

चोरीच्या संशयाचं मात्र नवल वाटू देऊ नका. स्मृतिभ्रंशाच्या एका प्रकाराला ज्यांचं नाव आहे, त्या जर्मन डॉक्टर अल्झायमर यांनी १९०६ मध्ये ज्या बाईंची हकिगत डॉक्टरांपुढे मांडली, त्यांच्या आजाराची सुरुवातही विसरण्यानं नव्हे, नवऱ्यावरच्या संशयानं झाली होती. वस्तू कुठे ठेवली ते आठवत नाही, आठवत नाही हेही लक्षात येत नाही, मग ‘कुणीतरी नेली’ एवढंच उत्तर उरतं. त्यातच मेंदूच्या पुढच्या भागावर परिणाम झाला असेल तर राग आवरण्याची ताकदही कमी होते.

तपासणीत स्मरणशक्तीच्या चाचणीबरोबर थायरॉइड, बी-१२, सोडियम, साखर आणि बहुतेक वेळा मेंदूचा स्कॅन करतात. ते घेत असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, सर्दीच्या आणि झोपेच्यासुद्धा. शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून झोपेची गोळी देऊ नका. तिनं गोंधळ वाढतो आणि पडायचं भय असतं. राग शमवणारी जी तीव्र औषधं असतात, त्यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांमध्ये पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढतो. ती लागलीच तर थोड्या मात्रेत, थोड्या काळासाठी, डॉक्टरांच्या नजरेखाली.

कानाचं काम आधी करा. मळ साचला आहे का बघून घ्या, मशीन नीट बसतं का तेही. ज्याला अर्धंच ऐकू येतं, त्याला दोघं हळू बोलताना दिसली की आपल्याविषयीच चाललंय असं वाटतं. परवा तुम्ही हाक मारलीत ती कदाचित मागून होती, टीव्ही सुरू होता. पुढे या, नजरेला नजर मिळू द्या, टीव्ही बंद करा आणि मग एकच वाक्य बोला, ‘चला, पानं घेतलीत.’ पासबुक हरवलं म्हणाले तर ‘कुणी चोरलं नाही’ असा वाद घालू नका. ‘थांबा, आपण शोधू’ म्हणा आणि खरंच सोबत शोधा. संध्याकाळी चिडचिड वाढत असेल तर दिवेलागणीच्या आधीच घरातले दिवे लावा. हात उगारला तर समजूत काढत बसू नका, दुसऱ्या खोलीत जा आणि शेजारी किंवा मुलाला फोन करा. सहन करणं हा यावरचा उपचार नाही.

हा बदल एक-दोन दिवसांत एकदम वाढला, ते गुंगीत किंवा भ्रमात बोलू लागले, लघवीला त्रास किंवा ताप असेल, तर ओपीडीची वाट न बघता त्याच दिवशी रुग्णालयात न्या. नाहीतर याच आठवड्यात मनोविकारतज्ज्ञ किंवा मेंदूविकारतज्ज्ञ यांची वेळ घ्या. पुण्याच्या ससून रुग्णालयातही मनोविकार विभाग आहे. रात्री-अपरात्री फोनवर बोलायचं असेल तर सरकारची ‘टेलीमानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत मिळते, मराठीतही. तपासणीला मुलाला सोबत यायला लावा, डॉक्टरांचं म्हणणं त्यानं स्वतः ऐकू दे.

आणि मावशींना बाजूला बसवून नीट सांगा की साहेबांना बरं नाही, तुमच्यावर कुणाचा संशय नाही. त्या दुखावून काम सोडून गेल्या तर घरात तुम्ही दोघंच उराल, आणि यापुढे तुम्हाला त्यांची गरज लागणार आहे.