रॉकाबिली आणि ‘रॉकाबिलिटी’

प्रश्न असा आला आहे: रॉकाबिली, म्हणजे १९५०च्या दशकात अमेरिकेत घडलेलं सुरुवातीचं रॉक अँड रोल संगीत, वाजवणाऱ्या वेल्समधल्या क्रेझी कॅव्हन अँड द ऱ्हिदम रॉकर्स या बँडच्या १९७६च्या अल्बमचं नाव ‘रॉकाबिलिटी’ आहे. ही छपाईची चूक समजायची का? आणि मराठीत रॉकबिली लिहावं की रॉकाबिली?

चूक मुळीच नाही. धूर आणि धुकं मिळून आपण ‘धुरकं’ केलं, तसे इथे ‘रॉकाबिली’ आणि ‘ॲबिलिटी’ हे शब्द एकमेकांत मिसळले आहेत. ‘आबिलि’ एवढा तुकडा दोन्हीकडे जवळजवळ सारखाच, त्यामुळे सांधा कळतसुद्धा नाही. अर्थ काय, तर रॉकाबिली वाजवण्याची धमक. गंमत अशी की मूळ ‘रॉकाबिली’ही असाच जुळवलेला शब्द आहे: ‘रॉक’ अधिक ‘हिलबिली’. हिल म्हणजे डोंगर, बिली हे विल्यमचं घरगुती रूप. अमेरिकेतल्या ॲपलाचियन डोंगराळ भागातल्या गरीब गोऱ्यांना शहरी लोक हिणवून हिलबिली म्हणत, आणि त्यांच्या गाण्याबजावण्यालाही तेच नाव पडलं. जुलै १९५४मध्ये मेम्फिसच्या सन रेकॉर्ड्सनं एल्विस प्रेस्लीची पहिली तबकडी काढली. तिच्या एका बाजूला आर्थर क्रुडप या कृष्णवर्णीय गायकाचं ब्लूज, म्हणजे रॉकचं मूळ असलेलं कृष्णवर्णीयांचं संगीत; दुसऱ्या बाजूला बिल मन्रोचं ब्लूग्रास, म्हणजे हिलबिली संगीताचीच एक शाखा. ‘रॉकाबिली’ या शब्दाचे दोन्ही घटक त्या एका तबकडीवर ऐकू येतात! शब्द मात्र छापात रुळला तो १९५६च्या सुमारास.

सत्तरच्या दशकात ब्रिटनमध्ये हे संगीत पुन्हा उसळलं, तेव्हा न्यूपोर्टच्या या मंडळींनी जुनी गाणी घोटण्यावर न थांबता स्वतःची रचली. शिवाय ‘रॉकाबिलिटी’ काढली चार्ली या कंपनीनं, जी तेव्हा सनची जुनी ध्वनिमुद्रणं ब्रिटनमध्ये नव्यानं विकत होती. अस्सल माल शेजारी मांडलेला असताना वेल्समधल्या मुलांनी आपल्या तबकडीवर ‘आमच्यात धमक आहे’ असं लिहावं, हे मला फार आवडतं. ते नाव कुणी दुरुस्त करू नये.

जाता जाता: यांच्या गाण्यांत भेटणारा ‘टेडी बॉय’, म्हणजे १९५०च्या दशकातला झोकदार पोशाखाचा ब्रिटिश तरुण, खेळण्यातल्या अस्वलावरून आलेला नाही. सातव्या एडवर्डच्या काळातल्या लांब कोटांची नक्कल करणारे म्हणून ते एडवर्डियन, आणि एडवर्डचं लाडकं रूप टेडी. अस्वलाचं नाव थिओडोर रूझवेल्टवरून पडलं.

आता लेखन. इंग्रजीत मधला स्वर आपल्या ‘अ’सारखा आखूड आहे, म्हणून ‘रॉकबिली’ बरोबर वाटतं. पण मराठी वाचक ते ‘रॉक्-बिली’ असं वाचणार. ‘करवत’चं ‘कर्वत’ होतं तसंच. उच्चारातलं एक अक्षरच गळतं, आणि या नावाची लय त्या अक्षरावर चालते. म्हणून रॉकाबिली लिहावं. ऱ्हस्वदीर्घही आपल्या नियमात बसतात: शेवटची ‘ली’ दीर्घ, तिच्या आधीची ‘बि’ ऱ्हस्व. ‘रॉकाबिलिटी’त ‘टी’ शेवटी आल्यामुळे ‘लि’ ऱ्हस्व होते. लिंगाचं विचाराल तर मी स्त्रीलिंगी चालवतो, कंपनी, डायरीप्रमाणे: कॅव्हनची रॉकाबिली, ऐकलेली रॉकाबिली.